वन्संना केलेली क्षमा

वन्सं, सलाम.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी बोलतेच आहे. भाकरी थापताना बोलते, वह्या तपासताना बोलते. परवा वर्गात फळ्याकडं तोंड करून काहीतरी पुटपुटले तर पोरी फिदीफिदी हसल्या. शाळेतून आले, सोप्यात चटई टाकली, जरा डोळा लागला की तुम्ही येता. बोलत काही नाही. पुढ्यात परात घेऊन काळ्या मनुकांचे देठ खुडत बसता. खिडकीतलं ऊन हळूहळू सरकत तुमच्या मांडीवर येतं, आणि मला झोपेतही कळत असतं की ही झोप आहे, उठलं की तुम्ही नसणार. म्हणून मी उठत नाही. हे चहाला दोन-दोनदा हाक मारतात आणि शेवटी एकटेच पितात.

आपल्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका, सगुणाबाईंच्या भावजय. मंडळीच्या पत्रिकेसाठी पानभर लिहून द्या." लिहायला बसले तर तुमचा जन्म, दवाखान्यातली आयाची नोकरी, मंडळीची सेवा हे सगळं पाच ओळींत संपलं. ते पान मी त्यांना देईन. हे दुसरं, तुमच्याशी.

लग्न होऊन पेठ वडगावहून आले तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं, आणि आताही फारसं आहे अशातला भाग नाही. घरात सासू नव्हती. नवऱ्याची थोरली बहीण भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत राहते, लवकर विधवा झालेली, दवाखान्यात आया आहे, एवढंच मला सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, सासूची कसर ही भरून काढणार. पहिल्याच सकाळी तुम्ही आलात, माझी भाकरी उचलून उजेडात धरलीत आणि म्हणालात, "इस्तेर, हितनं तर सगळं कोल्हापूर दिसतंय की." मी रागानं लाल झाले. तुम्ही ती भोकाची भाकरी तशीच खाल्लीत, वर दुसरी मागून घेतलीत.

मंडळीत प्रभुभोजनाच्या पेल्यातला रस तुमच्याच हातचा. दुसऱ्या कुणाला तुम्ही हात लावू देत नव्हता. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी हातानं कुस्करायच्या, मंद जाळावर शिजवायच्या, जुन्या धुतलेल्या धोतरातून गाळायच्या. शिजताना घरभर असा गोडसर वास पसरायचा की बाहेरून येणाऱ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मीही दारात उभी राहायची, काम नसताना. तुमच्या कपाळावर घाम, ओठ हलत असायचे, प्रार्थना चाललीय की मनुका मोजणं चाललंय ते कळायचं नाही. एकदा विचारलं तर म्हणालात, "दोन्ही बी." आज डोळे मिटले की तोच वास आधी येतो आणि मग तुम्ही येता.

तुमचा भाऊ, तुमचा शमू, तेव्हा उचगावला एका वर्कशॉपात लेथवर होता. हात सोन्यासारखा, आणि दारूनं पार धुऊन काढलेला. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच बघितलंत. आमची थोरली पोर चालायला लागली होती तेव्हा मी तिला कडेवर घेऊन माहेरी निघून गेले. पाच महिने. त्या पाच महिन्यांत तुम्ही त्याला उंबऱ्यात आडव्या बसून अडवलंत, दवाखान्यातून आलात की त्याच्याजवळ बसलात, ओकला तर काढलंत, रडला तर रडलात. एक दिवस वडगावला माझ्या दारात येऊन म्हणालात, "चल, माणूस परत आलाय." मी आले, आणि चार वर्षं तो माणूस खरंच परत आलेला होता. मंडळीनं त्याला सेवक नेमलं. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून दानाची थैली घेऊन बाकांमधून फिरायचा, तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

आता ते सांगते.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, ईस्टरच्या पंधरा दिवस आधी स्त्रियांच्या सभेत तुम्ही साक्ष द्यायला उठलात. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. तुम्ही भावाचं सांगितलंत. दारूचं, प्रार्थनेचं, त्या उंबऱ्याचं. आणि सहज, काही मनात न ठेवता म्हणालात, "भावजय तवा माह्यारी गेलती. घरात मी आन् प्रभू, दोघंच." बायकांच्या माना गर्रकन माझ्याकडं वळल्या. एकीनं तर च् च् केलं. तुम्ही बोललात त्यात खोटं काहीच नव्हतं, वन्सं, आणि म्हणूनच ते मला इतकं झोंबलं. घरी येताना तुम्ही वांगी काय भावानं मिळाली ते सांगत होता आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून चालत होते.

ईस्टरच्या आठवड्यात शाहूवाडीहून सांगावा आला, भाची अडलीय, या. तुम्ही बुधवारीच रस करून ठेवलात. गुरुवारी पहाटे बरणी माझ्या चुलीजवळ आणून ठेवलीत आणि तीन-तीनदा बजावलंत, "इस्तेर, रोज सकाळी याला एक उकळी दे. दिवस उन्हाचं हायत, न्हायतर आंबंल. आन् कच्चं पाणी पडू दिऊ नगंस." मी हं म्हटलं. तुम्ही माझ्या गालावरून बोटं फिरवलीत आणि गेलात.

गुरुवारी उकळी दिली नाही. विसरले नव्हते. बरणीकडं बघितलं आणि म्हटलं, तुम्ही आणि तुमचा प्रभू दोघंच असता ना, घ्या बघून. शुक्रवारी देवळात क्रूसाजवळ तीन तास बसले, डोळ्यांतून पाणी काढलं, घरी येऊन पुन्हा बरणीकडं पाठ केली. शनिवारी झाकण काढलं तर वर बारीक फेस आणि आंबूस वास. अजून वेळ होता. मनुका घरात होत्या, मला कृती पाठ होती. मी झाकण परत लावलं. मला डोळ्यांपुढं सगळं दिसत होतं. उद्या पेला तोंडाला लावल्याबरोबर त्या सगळ्या बायका तोंडं वाकडी करणार, एकमेकींकडं बघणार, आणि सगुणाबाई खाली मान घालून बसणार. बस, एवढंच मला हवं होतं. शपथेवर सांगते, ह्यापुढचं काही माझ्या मनात आलंच नाही. त्या रस्त्याच्या शेवटी माझाच नवरा उभा आहे, हे मला दिसलं नाही.

रविवारी तसंच झालं. तोंडं वाकडी झाली. तुम्ही आदल्या संध्याकाळच्या गाडीनं थकून आलेल्या, सकाळी पहिल्या बाकावर बसलेल्या, पहिला घोट घेतलात आणि तुमचा चेहरा उतरला. मी बघितलं. मला गार वाटलं, हेही लिहून ठेवते. पण पेले लहान, कुणी अर्धे टाकले, आणि मोठा तांब्या जवळजवळ भरलेलाच मागच्या खोलीत परत गेला. आपल्या मंडळीची रीत तुम्हाला ठाऊक: आशीर्वाद मागितलेला रस मोरीत ओतायचा नाही, सेवकांनी तिथल्या तिथं पिऊन संपवायचा. त्या दिवशी मागच्या खोलीत दोन सेवक होते. एक म्हणाला मला नको. दुसरा तुमचा शमू.

दुपारी पोळ्या झाल्या, आमटी झाली, पोरी नवे फ्रॉक घालून वाट बघत बसल्या. हे आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सापडले, कुठं आणि कसे ते नको. त्यानंतरचे आठ महिने मी आयुष्यातून कापून टाकले असते तर बरं झालं असतं. आणि त्या आठ महिन्यांच्या शेवटी लेथमध्ये ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही मला विचारलंत, "इस्तेर, उकळी दिलतीस न्हवं?"

मी म्हणाले, "दिली की. रोज दिली."

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात, फार वेळ. मग म्हणालात, "मग माझीच बरणी वली ऱ्हायली असंल. माझ्याच हातनं झालं." आणि तिथंच फरशीवर बसून कपाळ बडवून घेतलंत. मी तुम्हाला हाताला धरून उठवलं. किती मायेनं उठवलं मी तुम्हाला! आजूबाजूच्या नर्सही म्हणाल्या, भावजय असावी तर अशी.

त्यानंतर तुम्ही रस कधी केला नाही. "माझ्या हाताचा इस्वास ऱ्हायला न्हाय," म्हणालात, आणि पाळकसाहेबांनी किती समजावलं तरी ऐकलं नाहीत. शमूला मात्र पुन्हा उंबऱ्यात बसून परत आणलंत. ह्या खेपेला मी माहेरी गेले नाही. कशी जाणार?

आणि सुरू झाले ते शनिवार. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीची तयारीची सभा. कुणाचं कुणाशी वाकडं असेल त्यानं उठून त्याच्यापाशी जावं, हात धरावा, समेट करावा, मगच उद्या पेल्याला हात लावावा. वर्षातून चार वेळा. दर वेळी तुम्ही उठायच्या, पदर सारखा करत माझ्या बाकापाशी यायच्या आणि सगळ्यांदेखत म्हणायच्या, "इस्तेर, माझ्यामुळं तुज्या संसाराचं वाटुळं झालं. क्षमा कर." मी उभी राहायची. तुमचे हात हातात घ्यायची. म्हणायची, "प्रभूनं केली, वन्सं. मीही केली." मागच्या बाकांवर बायका डोळे पुसायच्या.

पहिल्या वेळी ते म्हणताना मला लाज वाटली. दुसऱ्या वेळी कमी. मग मला त्याची चटक लागली, वन्सं. घरात एक माणूस दारूतून सुटत होतं आणि मला क्षमेची लत लागत होती. माझा आवाज त्या वाक्यावर कसा ओला व्हायचा, ते मलाच आवडायला लागलं होतं. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझं उदाहरण दिलं, नाव न घेता, पण सगळ्यांना कळलं. त्या दिवशी मी शिरा केला. तुमच्या घरी वाटीभर पाठवला.

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं. मी म्हणायची, पाप कबूल केल्याशिवाय क्षमा कशी होईल, आधी मागितली पाहिजे. शिक्षिका ना मी, वचनं तोंडपाठ. तुम्ही म्हणायच्या, "तुझं आपलं कायतरीच. पोरी शाळंतनं यायच्या आदी भाकरी करून झाकून ठेवतीस का न्हाय? का त्या मागतील तवा पीठ मळाय बसतीस?" मी म्हणायची, भाकरी वेगळी आणि देवाची कृपा वेगळी. "एकच हाय," तुम्ही म्हणायच्या, "खाणारं आलं न्हाय तर झाकलेली ऱ्हाती, एवढंच." मग मी वचन काढायची, तुम्ही "गप गं बाई, माझी भाजी करपाय लागली" म्हणून उठायच्या. कितीदा हे झालं असेल. मी जिंकले असंच समजत आले.

सांगायचं मनात आलं नाही असं नाही. भाचीच्या त्याच बाळाच्या नामकरणाला तिथल्या मंडळीनं बोलावलं, बरंच उशिरा, पुढच्या पावसाळ्यात झालं ते, तेव्हा आपण दोघी शाहूवाडीला गेलो होतो. आठवतंय? येताना एस.टी.त खिडकीबाहेर भाताची खाचरं, त्यांच्यावर धुकं इतकं खाली उतरलेलं की बस पाण्यातून चालल्यासारखी वाटत होती. ड्रायव्हरनं दिवे लावले होते. बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. तुमचं डोकं झोपेत माझ्या खांद्यावर आलं, केसांना खोबरेलाचा वास. त्या धुक्यात मला असं वाटलं की कोल्हापूर नाहीच, मंडळी नाही, बाकं नाहीत, फक्त आपण दोघी आहोत आणि आता काहीही बोललं तरी चालेल. "वन्सं," मी म्हटलं. तुम्ही झोपेतच "अं?" केलंत. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मग एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली, धक्का बसला, तुम्ही जाग्या झालात आणि म्हणालात, "आलं व्हय गाव?" मी म्हटलं, नाही अजून, झोपा तुम्ही.

आणि मग तो शेवटचा आठवडा. ज्या दवाखान्यात जन्मभर दुसऱ्यांची भांडी काढलीत तिथंच खाटेवर पडलात. दुपारची वेळ होती. पंखा संथ फिरत होता, पडद्यातून पिवळा उजेड सगळ्या वॉर्डवर सांडलेला, सगळे पेशंट झोपलेले. मीही स्टुलावर पेंगत होते. तुमचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "इस्तेर, तुझं काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

मी दचकले. तुम्ही माझ्याकडं बघत होता, त्या व्हरांड्यात बघितलं होतं तसंच. रागानं नाही, संशयानं नाही. दार उघडून माणूस बाजूला उभं राहतं ना, आत ये म्हणत, तशा. मी उशी सारखी केली, चादर ओढली. म्हटलं, "नाही, वन्सं. काही नाही. झोपा तुम्ही." तुम्ही माझा हात थोपटलात आणि डोळे मिटलेत. दोन दिवसांनी गेलात.

मेली माझी जीभ! सगळ्या कोल्हापूरला पुरून उरणारी जीभ, तेव्हा टाळ्याला चिकटली.

काल दुपारी ह्यांना सांगून टाकलं. स्वयंपाकघरात बसलो होतो. हे तीन बोटांच्या हातात कप धरून चहा फुंकत होते. मी बरणीपासून सुरू केलं आणि व्हरांड्यापर्यंत सगळं सांगितलं, एकदाही न थांबता. म्हटलं, आता काय करायचं ते करा, कप फेकून मारा, हाकलून द्या. ह्यांनी कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "पयल्या घोटालाच वळखलं हुतं मी."

"काय?"

"वास. चार वर्सं जिच्यापास्नं लांब पळालो, तिचा वास मला कळंना व्हय? दुसरा सेवक म्हणला, आंबलंय, झाडाच्या बुडात ओतूया. मीच म्हटलं, न्हाय, रीत हाय. रीतीचं नाव पुढं केलं आन् तांब्या तोंडाला लावला. रस कसला त्यो, इतकी काय दारू नव्हती त्यात. पर मला निमित्त घावलं. देवळातनं बाहीर पडलो त्यो तसाच भट्टीवर."

हे म्हणाले, "आन् आक्का ‘माझ्यामुळं झालं’ म्हणून रडाय लागली तवा खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. कुणीतरी घेतलं अंगावर म्हटलं."

पुढं म्हणाले, "दवाखान्यात मलाबी इचारलं तिनं. तू पाणी आणाय गेलतीस तवा. शमू, तुझं काय बोलायचं ऱ्हायलंय का?"

"मग?"

"न्हाय म्हटलं."

चहावर साय धरली. आम्ही दोघं लग्नाला वीस वर्षं झालेली माणसं, एकाच घरात, एकाच भिंतीआड, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, आणि भिंतीपलीकडं तुम्ही आमची माफी मागायची तयारी करत होता. तुम्हाला माहीत होतं का, वन्सं? दोघांनाही विचारलंत, तेही एकेकट्याला गाठून, म्हणून वाटतं की माहीत होतं. मग वाटतं, नाही, तुम्ही मरताना कुणालाही हेच विचारलं असतं. माहीत असून येत होता तरी, आणि माहीत नसून येत होता तरी, त्या बाकापाशी तुमच्या अंगावर आमचंच पाप होतं. तुम्ही ते घालून फिरलात आणि आम्ही बघत बसलो.

येत्या शनिवारी तयारीची सभा आहे. हे म्हणाले, मी उठतो. मी म्हटलं, आधी मी उठणार. त्यावरूनही आमचं थोडं वाजलं. मंडळीला सगळं सांगायचं ठरलंय. बायका तोंडाला पदर लावतील, कुणी माझ्याशी बोलणार नाही, शाळेतही कळेल. भीती वाटते, पण ती सोसेन म्हणते.

तर ऐका. उकळी दिली नव्हती. एक दिवसही नाही. वास आला होता आणि मी झाकण लावलं होतं. ह्याची क्षमा मी प्रभूकडं मागेन, मंडळीकडं मागेन, ह्यांच्या त्या हाताकडं बघून मागेन, आणि मिळेल अशी माझी श्रद्धा आहे. पण इतके शनिवार तुम्ही माझ्यापुढं मान खाली घालून उभ्या राहिलात आणि मी तुमचे हात धरून "मी क्षमा केली" म्हणत आले. वन्सं, ती जी क्षमा मी तुम्हाला केली, तिच्याबद्दल मला क्षमा करा.